तुतीच्या रंगाची खोली

रंगाचा पहिला हात वाळला आणि खोली खाटकाच्या दुकानासारखी दिसायला लागली. लहान मुलीच्या खोलीबद्दल असं बोलू नये, हे मान्य. पण दिसत होतं ते तेच, त्याला कोण काय करणार! एका भिंतीवर गडद, शेजारी फिकं, मधूनच रोलरचे पट्टे, आणि खिडकीखाली तर कुणीतरी ओले हात भिंतीला पुसत गेल्यासारखे डाग. पडदेवाली दारात उभी राहून बघत होती. गुरुवारी अनाथ मुलांच्या संस्थेतल्या बाई घर बघायला येणार होत्या. त्यांचं समाधान झालं तरच मुलगी या घरात येणार होती.

"ताई, असं तोंड करू नका," शिडीवरून रंगारी म्हणाला. "लाल रंगाची जातच तशी. खाली पांढरं अस्तर असलं की तो अंग धरत नाही. मी म्हणत होतो, आधी करडं अस्तर मारू. तर तुम्ही दोघं म्हणालात, नको, मुलीच्या खोलीत करडं कशाला."

"अजून किती हात लागतील?"

"तीन धरून चाला. आणि वाळला की आणखी गडद होतो बरं का."

"आणखी?" ती म्हणाली. तिचा आवाज आपोआप खाली आला.

ती लोकांच्या घरांचे पडदे शिवायची, म्हणून अख्खी गल्ली तिला पडदेवाली म्हणायची. नवरा चष्म्याच्या दुकानात होता. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून विचारायचा, "हे बरं दिसतंय, की हे?" दुसऱ्यांची आवडनिवड विचारता विचारता स्वतःची कुठे तरी काउंटरवर विसरून आला असावा, कारण घरी ती कधी ऐकू आली नव्हती. ही तरी कुठे कमी होती! पंखा लावायचा तरी आधी विचारणार, "तुम्हाला गार नाही ना वाजत?" तो म्हणणार, "तुला उकडत असेल तर लाव." तोवर दोघंही घामाघूम. थोरली नणंद जिभेला हाड नसलेली. तिने या जोडप्याला चालेलकर असं आडनावच देऊन टाकलं होतं. "भांडत नाहीत, भांडत नाहीत म्हणून कौतुक करता," ती म्हणायची, "अरे, भांडायला आधी दोघांना दोन गोष्टी हव्या असाव्या लागतात!"

रंगाचंही तसंच झालं. दुकानात शेडकार्ड उलगडलेलं होतं आणि नवऱ्याचं बोट एका पानावर थांबलं. का थांबलं? तर दोन पानं चिकटली होती, ती सुटी करत होता बिचारा. पण हिला वाटलं, यांचं मन बसलं. बोटाखाली होता पिकल्या तुतीचा रंग, खाल्ली की ओठ, जीभ, बोटं सगळं रंगवून सोडते तसा. "किती सुंदर आहे ना हो!" ही म्हणाली. त्याला वाटलं, हिला आवडला. "सुंदर? अगं, याला तोडच नाही," तो म्हणाला, तोही नको तितक्या जोरात. दुकानदार काय, टपलेलाच होता. ज्या रंगाकडे दोघांनीही एकट्याने दुसऱ्यांदा बघितलं नसतं, तो रंग दोघांनी मिळून हौसेने घरी आणला. आता बोला!

"काय करणार," पडदेवाली आता रंगाऱ्याला म्हणाली. "मला आपला तो सायीसारखा रंगच बरा वाटत होता. पण यांचा जीव जडला याच्यावर."

रंगाऱ्याचा रोलर हवेतच थांबला. "कुणाचा? साहेबांचा?"

"हो मग."

"अहो ताई, साहेब काल मला जिन्यात गाठून सांगून गेले की, मला तर बघवत नाही हा रंग, पण हिचा जीव जडलाय, तेव्हा नीट मारा." तो शिडीच्या एका पायरीवर बसलाच. "मग हा आवडलाय कुणाला? मला? माझ्या घरी सगळीकडे पांढरा आहे!"

पडदेवालीला हसू फुटलं. इतकं फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. नणंदेला सांगितलं तर वर्षभर पुरेल, असं तिच्या मनात आलं आणि तेवढ्यातच ते हसू थांबलं. मनात शंकेची पाल चुकचुकली.

मुलीचा विषय कुणी काढला होता? हिनेच. कुणाच्या तरी बाळाच्या खोलीचा, होड्यांची नक्षी असलेला पडदा शिवत होती, आणि शिवता शिवता म्हणाली, "आपणही एखादं मूल आणावं का हो?" तो चष्मा पुसत होता. म्हणाला, "तुला हवं असेल तर आणू या की." अगदी याच सुरात. रंगाच्या दुकानात होता त्याच.

संस्थेत जाणं सुरू होऊन किती महिने झाले होते. तिथे ती सात वर्षांची मुलगी भेटली, भिंतीला चिकटून चालते म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. बिस्कीट हवं? मान हलवायची. नको? तरीही मान हलवायची. प्रत्येक भेटीनंतर पडदेवाली बसस्टॉपवर रडायची आणि नवरा पाठीवर हात ठेवून उभा राहायचा. तो स्वतः काय म्हणाला होता? तिने खूप आठवून बघितलं. "तू म्हणशील तसं." "तुला जमेल ना?" "तुला आवडली ना?" त्याने एकदाही म्हटलं नव्हतं की मला ती हवी आहे. एकदाही नाही.

भिंत काय, पुन्हा रंगवता येते. मूल आणल्यावर बापाच्या मनात ते नव्हतंच असं निघालं, तर? आणि ती पोर, जिला आधीच एकांनी टाकलेलं, तिला हे कळणार नाही? मुलांना सगळं कळतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं झालं तिचं. त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाचा अख्खा पडदा उलट्या बाजूने शिवला आणि बोटात दोनदा सुई टोचून घेतली.

विचारून टाकायचं ना सरळ! कुणीही हेच म्हणेल. पण विचारून मिळणार काय? "तुम्हाला मुलगी हवी आहे ना?" म्हटलं की तो हिच्या चेहऱ्याकडे बघणार, तिथे जे लिहिलेलं असेल ते वाचणार आणि तेच बोलून दाखवणार. चौदा वर्षं तेच करत आला होता. म्हणून तिने दुसरा मार्ग काढला, आणि तो असा मूर्खपणाचा की विचारू नका. बुधवारी संध्याकाळी, तो दुकानातून येऊन बूट काढत होता तेव्हा, ती अगदी सहज बोलल्यासारखी म्हणाली, "मी काय म्हणते, मुलीचं थोडं थांबवू या का? एवढी घाई कशाला?"

तिला वाटलं होतं, हवी असेल तर उसळेल. निदान विचारेल तरी, का म्हणून.

तो वाकलेलाच होता. बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "थांबू या की. तुला तसं वाटत असेल तर."

मग उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ आत नळ वाहत राहिला. पडदेवाली स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. संपलं, तिला वाटत होतं. मिळालं उत्तर. आता उद्या त्या बाईंना काय तोंड दाखवू? जेवताना ती घाईघाईने म्हणाली, "मघाशी मी आपलं उगाच बोलले हं. उद्या बाई येतातच आहेत, तर येऊ द्या." तो म्हणाला, "येऊ दे की." आणि दोघांनी मान खाली घालून ताटं संपवली.

गुरुवारी बाई आल्या त्या धापा टाकतच. जाडजूड, गुडघे वाजणाऱ्या आणि मोठ्या आवाजाच्या बाई. घरभर फिरल्या, खिडकीच्या गजांना हलवून बघितलं, औषधांचा डबा किती उंच ठेवलाय ते बघितलं. मग तुतीच्या खोलीत आल्या. उरलेले तीनही हात होऊन गेले होते. पट्टे गेले होते, डाग बुजले होते, आणि भर दुपारी खोलीत दिवा लावावा लागत होता.

"अरे बापरे," बाई म्हणाल्या.

पडदेवालीचं धाबं दणाणलं. पण बाई तिथेच रंगाच्या रिकाम्या डब्यावर वर्तमानपत्र टाकून ठाण मांडून बसल्या. "तुम्ही चहा टाका," त्या तिला म्हणाल्या, "आणि साहेब, तुम्ही बसा माझ्यासमोर. मी दोघांशी वेगवेगळं बोलते, माझी पद्धत आहे ती."

खोलीची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. पडदेवालीने गॅस बारीक केला. चोरून ऐकणं वाईट, हे तिला माहीत होतं. पण जीव टांगणीला लागलेल्या माणसाला असली शहाणपणं सुचत नाहीत.

"मूल आणायचं, ही कल्पना मुळात कुणाची?" बाईंचा आवाज.

"तिची," नवरा म्हणाला.

"तुमची नाही?"

पातेल्यात पाणी उकळायला लागलं होतं. पडदेवालीने गॅस बंदच केला.

"खरं सांगू? नव्हती," तो म्हणाला. "तिला बरं वाटेल म्हणून मी हो म्हटलं. मला स्वतःला भीती वाटत होती. दुसऱ्याचं मूल, आपल्याला माया लागली नाही तर काय करायचं?"

ओट्याची कड तिने दोन्ही हातांनी धरली. झालं. अगदी तस्संच होतं सगळं, तिला वाटलं होतं तसंच.

"आणि आता?" बाईंनी विचारलं.

"आता काय सांगू बाई. दुकानात लहान मुलांच्या फ्रेमी येतात ना, मी त्या हातात घेऊन बसतो. तिला चष्मा लागलेला नाही, मला माहीत आहे, तरी बसतो. मागच्या खेपेला निघताना तिने माझ्या शर्टाचं टोक धरलं. सोडलं लगेच, पण धरलं होतं." त्याने घसा खाकरला. "काल ही म्हणाली, मुलीचं थांबवू या. मी म्हटलं, थांबू या. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. एवढा मोठा बाप्या माणूस."

"मग ‘नाही’ असं का नाही म्हणालात?"

"तिचं मन नसेल, तर मी जबरदस्ती कशी करू?"

"अहो, पण तुमचं आहे ना मन? ते तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"तुम्हाला. आत्ता."

बाईंनी इतका मोठा उसासा टाकला की तोही भिंतीतून ऐकू आला. मग त्या गुडघे वाजवत स्वयंपाकघरात आल्या. पडदेवाली तोंडात पदर कोंबून रडत होती आणि चहाचा पत्ता नव्हता.

"ऐकलंत ना सगळं?" बाई म्हणाल्या. "भिंत पातळ आहे ते मी आल्याबरोबर बघितलं. म्हणून तर एवढी ओरडून विचारत होते. आता तुमचं बोला."

"मला ती हवी आहे," पडदेवाली म्हणाली. "काल मी त्यांची परीक्षा बघायला गेले. माझंच डोकं फिरलं होतं. आणि बाई, मला तो रंगही आवडत नाही."

"रंगाचं तुमचं तुम्ही निस्तरा. पुढच्या शनिवारी मी मुलीला दोन दिवस राहायला आणते. तिला इथे करमलं तर पुढचं बोलू. नाही करमलं, तर मी तिला परत नेणार आणि तुम्ही मला अडवायचं नाही."

रंग निस्तरायला वेळ कुठे होता! तुतीवर सायीचा रंग चढवायचा तर पुन्हा अस्तर आणि पुन्हा हातावर हात. नव्या रंगाचा वास घरात नको म्हणून तुतीचा रंग तसाच राहिला. दोघांनी आठवडाभर घर घासलं, चादर तीनदा बदलली, आणि एकमेकांना धीर देता देता एकमेकांना घाबरवून सोडलं.

शनिवारी मुंगी आली. हातात एक बॅग, पायांत बूट, नजर जमिनीला. बाई तिला सोडून गेल्या.

"ही बघ तुझी खोली," पडदेवाली म्हणाली. "आवडली?"

मान हलली.

"पलंग उंच नाही ना वाटत?"

तीच मान, तशीच.

"ही उशी हवी, की ती?"

दोन्ही वेळा मान हलली. देवा रे, पडदेवालीला वाटलं, घरात तिसरी चालेलकर आली! त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मोठी माणसं लाडाने होकार देतात; ही पोर भीतीने देत होती.

जेवणानंतर दोघांनी तिला आराम कर म्हणून सांगितलं आणि पाय न वाजवता बाहेर आले. थोड्या वेळाने पडदेवालीने डोकावून बघितलं तर खोली रिकामी. चादरीला सुरकुती नाही. ती धावत पॅसेजमध्ये आली, तर मुंगी तिथे भिंतीला पाठ लावून आपल्या बॅगेवर बसलेली. पायांत बूट घातलेले.

जायचंय तिला, पडदेवालीच्या मनाने घेतलं. एक दुपारसुद्धा निघाली नाही. आता बाईंना फोन करायला हवा. शब्द दिलाय, अडवायचं नाही म्हणून. ती फोनकडे वळली, पण पाय उचलेना.

नवरा आतून आला. त्याने बॅग बघितली, बूट बघितले. मग समोरच्या भिंतीला टेकून तोही खाली फरशीवर बसला.

"मलाही त्या खोलीत बसवत नाही," तो म्हणाला. "तो रंग मला मुळीच आवडत नाही. मीच आणला, आणि मलाच आवडत नाही. आहे की नाही वेड्यांचा बाजार?"

मुंगीने वर बघितलं. "मला पण नाही," ती म्हणाली.

पडदेवाली दारातच उभी होती. तिला आनंद करावा की नाही, कळेना. ही पोरगी नुसती हो ला हो तर करत नसेल?

"मग कुठला देऊ या?" नवऱ्याने दुकानातल्यासारखं विचारलं. "पांढरा बरा, की निळा?"

मुंगीने मान हलवली. पण या वेळी आडवी.

"पिवळा?"

पुन्हा आडवी.

"मग काय हवं तुला? सांग ना."

मुंगीने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. कितीतरी वेळ. नवरा गप्प राहिला. हिलाही बोलायचं होतं, पण हिनेही ओठ मिटून धरले.

"मला खोली नको," मुंगी म्हणाली.

"परत जायचंय का तुला?" पडदेवालीच्या तोंडून निघालंच. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"नाही." मुंगी रडायला लागली, आवाज न करता, फक्त डोळ्यांतून पाणी. "तिकडे आम्ही सगळ्या एका खोलीत झोपतो. मला एकटीला झोप येत नाही. दार लावलं की भीती वाटते." तिने बाहीला नाक पुसलं. "तुम्ही दोघं एका खोलीत झोपता. तिथे जागा आहे?"

इतके दिवस भिंतींना हातावर हात देत होते, चादरी बदलत होते, उशा निवडत होते; आणि ही साधी गोष्ट तिला विचारायची कुणालाच सुचली नव्हती. पडदेवाली मटकन खाली बसली.

"आहे की," ती म्हणाली. "आमच्या मधे झोप. चालेल?"

मुंगीने मान हलवली नाही. ती आधी हिच्याकडे, मग त्याच्याकडे नीट बघत राहिली.

"आणि हे दोन दिवस झाले की?" तिने विचारलं. "मग कुठे?"

"तिथेच," नवरा म्हणाला. बायकोकडे न बघता म्हणाला. "रोज. आता तू इथेच राहायचंस, मला तू हवी आहेस."